बटणांच्या डब्यातलं मॅग्नेट

ता. ४ फेब्रुवारी

नातीस,

सुरुवातीला आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. लिहिले असं समज. नको असतील तर परत पाठव, दुसऱ्या कुणाला देईन.

तुझा पत्ता तुझ्या बापाने दिलेला नाही. तो अंघोळीला गेला तेव्हा त्याच्या पाकिटातून उतरवून घेतला. तीन वर्षं ते चिठोरं खिशात घेऊन हिंडतोय आणि मला सांगतो, "मला कुठे माहीत आहे ती कुठे असते." खोटं बोलायचं तर चिठोरं तरी घडी घालून नीट लपवावं. बटव्यात तिकिटांच्या वर ठेवलं होतं.

चौथीपर्यंतची शाळा आणि पुढे तीस वर्षं लॅबमधल्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या, एवढंच माझं शिक्षण. बाटलीवर अक्षर मोठं काढावं लागतं, म्हणून इथेही मोठंच येतंय. कागद जास्त लागेल. लागू दे.

लिहायचं कारण असं. संस्थेकडून तुझ्या नावाचं पाकीट घरी आलं. मी फोडलं. तीन दिवस वाचत होते, कारण त्यातला एकेक शब्द हातभर लांब आहे. मला कळलं ते असं. तीन वर्षं झोपलेली तुझी फाइल आता उठली आहे. तुझा तो पेपर मागे घेणार. त्यावर 'आकडे बनावट' असा शेरा मारणार. आणि अडवून ठेवलेली तुझी डिग्री कायमची रद्द करणार. ३१ मार्चला समिती बसेल. त्याआधी तुला काही म्हणायचं असेल तर लेखी कळवायचं. कळवलं नाहीस तर तुला सगळं कबूल आहे असं धरणार.

ते पत्र सोबत घातलंय. वाच आणि काहीतरी कळव त्यांना.

माझं म्हणशील तर दोन वर्षांपूर्वी लॅबमधून निवृत्त झाले. आता तिथे भांडी धुवायला मशीन आणलंय. झाकण लावायचं, बटण दाबायचं. काचेवर पांढरे ओघळ राहतात म्हणे. राहणारच.

मी माफी मागायला लिहीत नाही, हे आधीच सांगून ठेवते. माझ्या हातून गेलेलं भांडं कुणी परत आणलेलं नाही.

तुझा बाप आत्ता दारात उभा राहून विचारत होता, "कुणाला लिहितेस?"

म्हटलं, "तुझ्या सासऱ्याला."

"ते वारले."

"म्हणूनच पत्र लिहिते. फोन लागत नाही."

गेला निघून. हसला नाही. या घरात आता कुणी हसत नाही, पण भांडणही होत नाही. 

आजी

ता. १३ फेब्रुवारी

नातीस,

नऊ दिवस झाले. पोस्टाला चार धरले तरी तुझे पाच उरतात.

तुला वाटत असेल म्हातारीला काय कळतंय. तुझं काम मला कळत होतं, कारण ते तू मला स्वयंपाकघरात सांगितलं होतंस. एक औषध बनवायला तीन टप्पे. दर टप्प्याला वेगळा फ्लास्क. एक झालं की ते बाहेर काढायचं, गाळायचं, सुकवायचं, मग दुसऱ्यात घालायचं. म्हणजे माझ्या सिंकमध्ये तिप्पट ढीग. तू म्हणालीस, "आजी, मी सगळं एकाच फ्लास्कमध्ये करणार. मधे काढायचं नाही, गाळायचं नाही. एक धातू आपलं काम करेल, मग दुसरा त्याचं करेल."

मी म्हटलं, "म्हणजे एका चुलीवर दोन जावा."

"हो. आणि भांडायचं नाही."

तुझी आई शिलाई मशीनवर होती. तोंडात टाचण्या. तशीच बोलली, "जावा कशाला? सासू-सून ठेवून बघ. फ्लास्कच फुटेल."

मी म्हटलं, "टाचणी गिळशील."

ती म्हणाली, "तुम्हाला बरंच वाटेल."

असं चालायचं आमचं. तुला आठवत असेल.

तुझे दोन धातू, तांबं आणि रुथेनियम. तिसऱ्या टप्प्याला सगळं जग पॅलेडियम वापरतं, पण ते औषधात मागे उरतं आणि काढता काढता जीव जातो, म्हणून तुला ते नको होतं. तुझं म्हणणं, तांब्याकडूनच तिसरं कामही करून घेईन. सगळे म्हणायचे, एका भांड्यात धातू घातले की एकाचं दुसऱ्याला बाधतं. चौदा महिने तेच झालं. फ्लास्कमधला थेंब पट्टीवर टेकवून ती जांभळ्या दिव्याखाली धरायचीस. दर टप्प्याचा एक ठिपका. दोन दिसायचे, तिसरा यायचा नाही. तू पट्टी डब्यात टाकायचीस, आणि तुझी भांडी माझ्याकडे.

मग एके दिवशी तिसरा ठिपका आला. त्यानंतर आणखी तीनदा आला. तुझ्या लॅबच्या सरांनी पेपर छापला. आणि आठ महिन्यांनी दुसऱ्या दोन लॅबनी कळवलं की आमच्याकडे होत नाही.

तेव्हा सर म्हणाले, संस्थेच्या तिघांसमोर करून दाखव. सोमवार ठरला.

आता हे तुला माहीत नाही, म्हणून लिहिते. एका टोकाला टवका उडालेलं ते मॅग्नेट, फ्लास्कच्या तळाशी गरगर फिरून ढवळतं ते, शेंगदाण्याएवढं, तू कुणाला देत नव्हतीस. तुझ्या हाताला लागलेलं होतं. ड्रॉवरमध्ये ठेवायचीस, स्वतःच पुसायचीस, सिंकमध्ये येऊ द्यायची नाहीस. शुक्रवारी तू गेल्यावर मी ड्रॉवर उघडला. मॅग्नेट राखाडी पडलं होतं. पाहुणे येणार आणि माझी नात असल्या मळक्या मॅग्नेटने काम करणार? मी ते कडक ॲसिडमध्ये घातलं. दोन दिवस. सोमवारी सकाळी तू यायच्या आधी दातासारखं पांढरं करून जागेवर ठेवलं.

सोमवारी तिसरा ठिपका आला नाही. मंगळवारी नाही. बुधवारी तू पट्टी दिव्याखालून काढेचनास ते मी दारातून बघितलं.

मी चांगल्यासाठीच केलं होतं. यात माझं काय चुकलं ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

आजी

ता. २१ फेब्रुवारी

तुझं पाकीट मिळालं. आत संस्थेचं पत्र जसंच्या तसं, आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने एक ओळ. 'मला काही म्हणायचं नाही. त्यांना हवं ते लिहू दे.' 

पेन्सिलीने. म्हणजे शाईसुद्धा वाया घालवायची नाही.

तुझा बाप सांगत होता तू तिकडे पाण्याच्या टाक्या तपासतेस. बाटलीत पाणी भरायचं, थेंब टाकायचा, रंग बघायचा. त्यासाठी चौदा महिने रडत होतीस? तो शेरा एकदा बसला की तुला कुणी टाकीवरही चढू देणार नाही. हे तुला कळतं. मला शिकवू नकोस, कळतं तुला.

मी लिहिलेल्याबद्दल एक अक्षर नाही. ॲसिडबद्दल वाचलंस का? वाचलं असशील तर तुझ्या डोक्यात दुसरा प्रश्न आला असेल. तो तू मला आधीही विचारला होतास. घरी, ओट्यापाशी, त्या बुधवारच्या रात्री जेवणं झाल्यावर. "आजी, आई गेली त्या आठवड्यात तू मॅग्नेट ॲसिडमध्ये घातली होतीस का?" मी म्हटलं, "घातली होती." तू परत विचारलंस, "नक्की?" मी म्हटलं, "तू मला विचारणार आता?"

मग चौकशी. तीन माणसं, पाण्याचे तीन पेले, आणि मधे मी. मधल्याने विचारलं, "मावशी, वापरलेली मॅग्नेट तुम्ही ॲसिडमध्ये घालता का?"

"घालते."

"प्रत्येक वेळी?"

"तीस वर्षं."

"एकदाही विसरला नाहीत?"

"तुम्ही विसरता का?"

हसले सगळे. सरही हसले आणि म्हणाले, "मावशींच्या हातच्या भांड्यावर शंका घ्यायची म्हणजे आम्हाला लॅब बंद करावी लागेल." पुन्हा हसले. त्या हसण्यात तुझं ठरून गेलं. भांडी स्वच्छ, मग खोटी कोण? तू.

तू भिंतीपाशी बसली होतीस. हसली नाहीस. लॅबमध्ये तू मला सगळ्यांसारखं मावशीच म्हणायचीस, घरी आजी. त्या दिवसापासून घरीही काहीच म्हणाली नाहीस. आठव्या दिवशी बॅग भरलीस. मी पोळ्या करत होते. तू पाठीमागून गेलीस ते मला चपलांच्या आवाजावरून कळलं. मी पोळी उलटली.

उद्या लिहिते. आज हात दुखतोय.

ता. २२ फेब्रुवारी

हात दुखत नव्हता.

तो आठवडा लिहिते. एकदाच लिहीन. जपून ठेव नाही तर फाड.

गुरुवार होता. तपकिरी घमेल्यात सात मॅग्नेट होती, तुझ्या शेजारच्या त्या लांबकेस्याची. तो दिवसभर पॅलेडियममध्ये, त्याची भांडी म्हणजे काजळी. कामाची रीत तुला माहीत आहे, तरी लिहिते. घमेल्यातून ॲसिडच्या बरणीत, दोन दिवस. मग पाणी, मग ओव्हन, मग पांढरा ट्रे. पांढऱ्या ट्रेमधलं कुणीही डोळे मिटून उचलावं.

मी घमेल्यातली सात बाहेर काढली होती. वरवरची काजळी पुसली. बरणीचं झाकण उघडायच्या आधी फोन आला. तुझ्या आईच्या दुकानातला शिंपी. "मशीनवरच पडली. लवकर या." मी ती समोर दिसलं तिथे टाकली आणि निघाले. हॉस्पिटलात पोहोचले तेव्हा एका हाताला अजून रबरी मोजा होता.

पुढचे तीन दिवस तू होतीस तिथे. डॉक्टर डोक्यातल्या रक्ताचं सांगत होते, मी तुझ्या आईच्या पायाकडे बघत होते. अंगठ्याचं नख वाढलं होतं. मनात आलं, घरून नेलकटर आणावं. आणलं नाही. तेवढंच राहिलं असंही नाही. पण ते नख मला दिसतं, चेहरा दिसत नाही.

तिसऱ्या दिवशी ती गेली, सहाव्या दिवशी आपण दोघी कामावर गेलो. एकाच बसने, शेजारी शेजारी. तू खिडकीकडे बघत होतीस, मी पुढच्या माणसाच्या कॉलरकडे. कॉलर उसवली होती. लोक म्हणाले, इतक्यात आलात? मग काय करायचं होतं घरी? शिलाई मशीनकडे बघत बसायचं?

सिंकपाशी गेले. पांढऱ्या ट्रेमध्ये मॅग्नेट पडलेली होती. गुरुवारी मी घाईत तिथेच टाकली होती.

सगळ्यांना सांगत आले की मला आठवत नाही. स्वतःलाही तेच सांगितलं. मला आठवतं. मी ती बघितली. ती ॲसिडमध्ये गेलेली नाहीत हे मला माहीत होतं. बरणी एक हात लांब होती. हात उचलला नाही. दुखत नव्हता, थकलाही नव्हता. उचलला नाही, एवढंच. मी ट्रे तसाच ओव्हनमध्ये सरकवला.

दुपारी तू आलीस, त्या ट्रेमधून टवक्याचं मॅग्नेट उचललंस. दुसऱ्या दिवशी तिसरा ठिपका आला.

तू पट्टी घेऊन धावत माझ्याकडे आलीस. आई गेल्यानंतर तू पहिल्यांदा तोंड उघडलंस. "आजी, आला." लॅबमध्ये, सगळ्यांसमोर, आजी म्हणालीस. तेव्हा मी काय सांगायला हवं होतं?

ता. २ मार्च

उत्तर नाही. ठीक आहे. मला वाटलं होतं शिव्या तरी येतील.

मी नंतर का सांगितलं नाही ते विचारशील तर त्याचं उत्तर सोपं नाही, आणि तुला आवडणारही नाही. माझं नाव जाईल ही भीती होती, ती तर होतीच. तीस वर्षांत मला दुसरं काही मिळालेलं नव्हतं, मावशींचं भांडं एवढंच. पण फक्त तेवढंच असतं तर कधीतरी बोलले असते. धुतलं नाही म्हटलं की पुढचा प्रश्न 'का' असा येतो. का तर सून गेली म्हणून. जिच्याशी अठ्ठावीस वर्षं मिठाच्या डब्यावरून भांडले, ती गेली आणि माझा हात उचलेना, हे त्या तीन पेल्यांसमोर सांगायचं? तिने ऐकलं असतं तर टाचण्या थुंकून हसली असती.

मला रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. येईल असं वाटतही नाही.

आता कामाचं. घमेल्यात सात होती. ट्रेमध्ये सहा सापडली. महिनाभराने ॲप्रन धुवायला काढला तेव्हा खिशात सातवं लागलं. फोन आला तेव्हा हातात होतं, खिशात गेलं. ते मी परत नेलं नाही. कपाटावर तुझ्या आईचा बटणांचा डबा होता, त्यात टाकलं. तो डबा या घरात कुणी उघडत नाही. बटण तुटलं तर तुझा बाप टाचणी लावतो.

काल उघडला. अजून तिथेच आहे, पांढऱ्या बटणांमध्ये. काळं ढुस्स. चार वर्षांत त्याला पाणी लागलेलं नाही.

मला वाटतं ते पांढरं नाही हेच तुझ्या कामाचं असेल. तू सांग. मी चौथी शिकलेय.

आजी

ता. १० मार्च

तुझं कार्ड आलं. शाईने. 'आजी, ते धुऊ नकोस.'

चार शब्द. त्यातला पहिला मी बराच वेळ बघत होते.

धुतलं नाही. पण खरं सांगते, डबा उघडल्यापासून हाताला चैन नाही. रोज सकाळी वाटतं, एकदा नुसतं पुसून घ्यावं. तुझा बाप म्हणाला, "कपाटात ठेव आणि कुलूप लाव." म्हटलं, "कुलूप कुणासाठी? तुला तर डबासुद्धा उघडता येत नाही." म्हणाला, "तुझ्यासाठी." चार वर्षांत पहिल्यांदा बरं बोलला. चावी त्याच्याकडे दिली.

शुक्रवारी सरांकडे जाते. डबाच नेते. मॅग्नेट बाहेर काढायला मला सांगू नकोस.

ता. १९ मार्च

नातीस,

झालं ते क्रमाने लिहिते. मधे मधे मत घालणार नाही.

सरांनी मला खुर्ची दिली. तीस वर्षांत त्या खोलीत मी पहिल्यांदा बसले. डबा टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. घमेलं, फोन, ट्रे, ओव्हन, आणि नंतर तुझ्या ड्रॉवरमधलं ॲसिडमध्ये घातलं तेही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मावशी, तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुम्ही हसलात ना."

त्यांनी उठून कपाटातून तुझी वही काढली. त्या दिवसाचं पान काढून माझ्यासमोर धरलं. तारीख, तांबं किती, रुथेनियम किती, आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात, 'मॅग्नेट थोडं राखाडी?' पुढे प्रश्नचिन्ह. त्या आणि पुढच्या पानांवर चारही वेळी औषध शेकडा किती निघालं त्याचे आकडे. ब्याऐंशी, चौऱ्याहत्तर, एकसष्ट, पंचावन्न. दर वेळी कमी. "हे आम्ही बघितलंच नाही," सर म्हणाले. "बनवणाऱ्याने आकडे चढते बनवले असते."

तू लिहून ठेवलं होतंस. म्हणजे तुला तेव्हाच शंका होती, आणि तू मला विचारलंस, आणि मी म्हटलं, तू मला विचारणार?

सोमवारी सकाळी आठला दोन फ्लास्क लावले. दोन्हींत तुझ्या वहीप्रमाणे सगळं सारखं. एकात कोरं मॅग्नेट, दुसऱ्यात डब्यातलं. ते सरांनी चिमट्याने काढलं, बटणांना धक्का लागू दिला नाही. मशीन चालू केलं, दोन्ही फिरायला लागली. मी स्टुलावर बसून होते. कुणीतरी चहा आणून दिला. लांबकेस्या आता तिथेच शिकवतो, केस गळलेत. येऊन उभा राहिला, म्हणाला, "मावशी, म्हणजे माझ्या घाणीने तिचं काम झालं?"

म्हटलं, "तुझ्या घाणीने आणि माझ्या आळसाने."

"आळस नव्हता हो तो."

म्हटलं, "तुला काय माहीत? जा."

चारला पट्ट्या दिव्याखाली धरल्या. पहिल्या पट्टीवर दोन ठिपके. दुसरीवर तीन.

सर म्हणाले की तुझा फ्लास्क खोटा नव्हता, त्यात तीन धातू होते आणि तुला दोनच माहीत होते. तांबं, रुथेनियम, आणि मॅग्नेटला चिकटून आलेलं पॅलेडियम. तिघं एका भांड्यात, एकमेकांना न बाधता. हे ठरवून कुणी करून बघितलं नव्हतं म्हणे. त्यांनी मॅग्नेटवरची काजळी खरवडून मोठ्या मशीनला दिली. मंगळवारी कागद आला, पॅलेडियमच आहे.

मग ते म्हणाले, मला लेखी द्यावं लागेल, माझ्या हाताने. कुणी लिहून देईल आणि मी सही करीन असं चालेल का, विचारलं. चालेल म्हणाले, पण तुमच्या अक्षरात असलं तर बरं. म्हणून मीच लिहिलं. 'सून वारली त्या आठवड्यात मी मॅग्नेट धुतली नाहीत. मला माहीत होतं. चौकशीत मी खोटं बोलले. माझ्या नातीने खोटं काही केलेलं नाही.' चार वाक्यांना अर्धा तास लागला. सगळं मोठ्या अक्षरात, बाटलीवर लिहितात तसं.

निघताना सरांनी विचारलं, "हे मॅग्नेट आता सील करून ठेवतो. चालेल ना?"

म्हटलं, "ठेवा. पण तुमच्या त्या मशीनजवळ नका ठेवू. कुणीतरी बटण दाबेल."

आजी

ता. ३ एप्रिल

नातीस,

समितीचं पत्र तुला मिळालं असेल, या वेळी मी त्यांना तुझा पत्ता दिला. माझ्याकडेही एक प्रत आली. दोन दिवसांत वाचून झाली, शब्द आता ओळखीचे झालेत. बनावट हा शेरा काढला. डिग्री रद्द होणार नाही. पेपर आहे तसा ठेवता येणार नाही, तो तीन धातूंचा म्हणून नव्याने लिहायचा, आणि ते काम तू स्वतः येऊन करायचं. जागा सहा महिने राखून ठेवली आहे.

माझ्याबद्दलही एक ओळ आहे. 'सदर कर्मचारी सेवानिवृत्त असल्याने कारवाई नाही.' तुझ्या बापाने ती मोठ्याने वाचली आणि म्हणाला, "सुटलीस." मी म्हटलं, "हो का."

ये असं मी लिहिणार नाही. तिकडच्या टाक्या तुला आवडत असतील तर तिथेच राहा. मला भेटायला तर येऊच नकोस, भेटून मी काय बोलणार? लॅबमध्ये यायचं असेल तर ये.

सरांनी तुझ्या लॉकरमधला पांढरा कोट मला दिला, तीन वर्षं तिथे टांगलेला होता. वरून दुसरं बटण नव्हतं. डब्यात तसलंच सापडलं. सुईत दोरा ओवायला तुझ्या बापाला हाक मारली, त्यालाही चौथ्या खेपेला जमलं. टाके वाकडे आलेत. तुझ्या आईने बघितले असते तर उसवून परत घातले असते आणि वर चार शब्द ऐकवले असते.

कोट याच पार्सलात आहे. बाहीवर डाग आहेत, खिशाला काळं लागलंय. मी धुतलेला नाही.

आजी